दादा, तळ्याकाठी तू थांबलास तेव्हा

दादा, वहिनीला भिंतीवर लावायला तुझा एक फोटो हवा होता आणि माझ्याकडे तो नव्हता.

"निशाकडं मागा, तिच्याकडं हरेशचे ढिगानं फोटो हायत," असं आई सगळ्यांना सांगत होती. आणि ते खोटं नव्हतं. अर्ध्या पनवेलची लग्नं, बारशी, साठीच्या शांती तू टिपल्यास, पण स्वतः कायम कॅमेऱ्यामागे. घरात तुझा म्हणून धड एक फोटो नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये मात्र तू शेकड्याने आहेस. फक्त त्यातल्या एकातही तू माझ्याकडे बघत नाहीस, कारण "कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, सरळ चालत राहायचं," असं मीच तुला बजावलं होतं. डावीकडून उजवीकडे जाणारा तू, उजवीकडून परत येणारा तू, पायऱ्या चढणारा, पिशवी घेऊन वळणारा. हार घालावा असा एकही नाही. शेवटी मामाच्या प्रदीपच्या लग्नातला एक सापडला. तुझ्या खांद्याला कुणाचं तरी कोपर लागलेलं होतं. ते कापून फोटो मोठा केला, तर तुझे ओठ फाटल्यासारखे दिसायला लागले. असलं काम तू गिऱ्हाइकाला दिलं नसतंस. आम्ही तुला दिलं.

पण मी हे लिहायला बसलेय ते या फोटोसाठी नाही. लोक गेल्यावर स्वयंपाकघरात वहिनीने मला विचारलं, "निशा, त्याला आधी काही होत होतं का गो? तुला काही बोलला होता?"

मी म्हणाले, "नाही वहिनी."

दादा, मी नाही म्हणाले. चहाचं भांडं विसळत होते, तेच विसळत राहिले.

तुला माझं काम पहिल्यांदा समजावलं तो दिवस आठवतो. लाइन आळीतल्या तुझ्या स्टुडिओत बसून आपण भजी खात होतो. मी म्हटलं, उन्हातली खिडकी आणि खोलीतला माणूस, दोन्ही एका फोटोत नीट येत नाहीत ना? तू म्हणालास, "ते आमाला नको शिकवू. खिडकी जाळायची, पांढरी होऊ द्यायची, माणूस वाचवायचा." मी म्हटलं, आता तसं करायला लागत नाही. कॅमेरा लागोपाठ तीन फोटो घेतो. एक कमी उजेडाचा, त्यात आकाश नीट येतं. एक मधला. एक भरपूर उजेडाचा, त्यात सावलीतला चेहरा दिसतो. मग तिन्हींतलं चांगलं तेवढं घेऊन एकच फोटो जोडायचा. "मग तुझा पगार कशाचा?" तू विचारलंस. मी म्हटलं, माणसं हलतात त्याचा. तीन फोटो होईपर्यंत चालणारा माणूस तीन ठिकाणी असतो, आणि जोडलं की त्याच्या शेजारी त्याच्याच फिकट सावल्या उमटतात. ऑफिसात आम्ही त्याला भूत म्हणतो. माझं काम भुतं घालवायचं, त्याचा प्रोग्रॅम लिहायचा.

तू एवढ्या जोरात हसलास की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला. घरी जाऊन आईला सांगितलंस, "आपली निशा मांत्रिक झाली." आई तुझ्यावरच चिडली, दिवेलागणीला घरात भुताचं नाव काढलं म्हणून.

मग तूच काढलेले एका हळदीचे फोटो मी माझ्या प्रोग्रॅममधून काढून दिले. उरणकडची हळद, एका बाजूला हॅलोजन, दुसऱ्या बाजूला अंधार, आणि मध्ये अख्खं गाव नाचतंय. मंडप असा उजळला की तू शिट्टी मारलीस. मोठा करून पाहिलं, तर नवरदेवाच्या आईला तीन हात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मात्र तो फोटो तसाच त्यांच्याकडे नेलास आणि परत येऊन सांगितलंस, "म्हातारी खूश हाय. म्हणते, देवी आली होती अंगात, तीन काय, आठ दिसायला पाहिजे होते."

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, हललेल्या भागापुरता तीनपैकी एकच फोटो धरायचा, बाकीचे दोन सोडून द्यायचे. तू म्हणायचास, "म्हंजे बाकीच्या वेळेला तो तिथं नव्हता?"

"होता. पण फोटोत माणूस एकदाच असतो, दादा."

"कोण म्हणतो? माणूस हालतो, त्यात त्याची काय चूक हाय गो?"

मी चिडायचे. तुझ्या जुन्या फोटोंची आठवण करून द्यायचे, ज्यांत माणसांचे हात धुरासारखे दिसतात. तू म्हणायचास, नाचणाऱ्याचा हात तसाच दिसला पाहिजे. मी म्हणायचे, लोकांना तसा नको असतो. हे भांडण आपण कधी मिटवलं नाही. मिटवायची घाई दोघांनाही नव्हती, मजा येत होती. मला अजून वाटतं माझं बरोबर होतं. तू समोर असतास तर पुन्हा बोलले असते. आता एकटीने बरोबर असण्यात काही राम नाही.

प्रोग्रॅमच्या चाचणीसाठी मला चालणारी माणसं हवी होती. ऑफिसात बाकीच्यांनी फोटोंसाठी गाड्या घेतल्या, झाडं घेतली, पाळीव कुत्री घेतली. मी म्हटलं, माझ्याकडे दादा आहे. सुट्टीच्या दिवशी स्टुडिओ बंद करून तू यायचास, पांढरा शर्ट घालून, कारण मी सांगितलं होतं की पांढऱ्यावर भूत लवकर दिसतं. केसांना कलप लावून यायचास, जणू मी तुझं स्थळ पाठवणार आहे. आपण रोडपालीला माझ्या गच्चीवर काढले, द्रोणागिरीच्या गोदामांपुढे काढले, जिथे कंटेनरच्या सावल्या आणि रस्त्यावरचं ऊन यांच्या मधोमध तू हातात चहाचा कप घेऊन इकडून तिकडे जात राहिलास आणि ट्रकवाले हॉर्न मारून तुला विचारत राहिले की काय शोधताय काका. तू त्यांना सांगायचास, "बहिणीच्या ऑफिसात पिच्चर बनतोय." माझ्या ऑफिसात तुला सगळे ओळखायला लागले. वॉकिंग अंकल. तुला ते नाव फार आवडलं होतं.

तुझं हे असंच. मी मागायचं आणि तू द्यायचं. बाबा मिठागरावरून थकून यायचे आणि काका लोक ओटीवर बसून माझ्या लग्नाच्या गोष्टी काढायचे, तेव्हा तू एकटा उभा राहिलास. "तिला शिकू द्या. लगीन कुठं पळून जातंय?" रोज गावातून पनवेलला कॉलेजात मला स्कूटरवर सोडायचास आणि मग स्टुडिओ उघडायचास. नोकरीच्या पहिल्या दिवशी ऑफिसच्या गेटपाशी तू मला उभं केलंस, ओढणी नीट कर म्हणालास, आणि वॉचमन "इथे फोटो काढायला मनाई आहे" म्हणत धावत आला, तरी त्याला गोड बोलून दोन फोटो काढलेस. दुसऱ्या फोटोत वॉचमनपण हसतोय. माझ्याकडे तो आहे. मी हसायचं सोडून घड्याळ बघतेय त्यात.

आता तळ्याचं सांगते.

वडाळे तळ्यावर आपण त्या संध्याकाळी गेलो तो माझा हट्ट होता. पलीकडे सूर्य कलत होता, पाणी पेटल्यासारखं, आणि अलीकडच्या वाटेवरची माणसं जवळजवळ काळी. मला हवा होता तसाच कठीण उजेड. मी ट्रायपॉड लावला. तू कठड्याच्या कडेने चालायला लागलास. पहिल्या काही फेऱ्या चांगल्या झाल्या. मग तू जवळ येऊन म्हणालास, "हल्ली दम लागतो गो."

मी कॅमेऱ्यातच बघत होते. म्हटलं, "पोट कमी कर जरा. हळदीची जेवणं बंद कर."

तू हसलास आणि परत गेलास. मी ओरडले, "दादा, भरभर चाल, हळू चाललास तर काही उपयोग नाही."

तू भरभर चाललास. मी बटण दाबलं, आणि नेमका तेव्हाच तू थांबलास. एका हाताने कठडा धरलास. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिन्ही फोटो एकावर एक ठेवून पाहिले आणि वैतागले. तिन्हींत तू एकाच जागी. भूत नाही, काही नाही. चाचणीच्या दृष्टीने हा तीन फोटोंचा सेट फुकट.

"थांबलास कशाला? सगळा सेट वाया गेला!"

"एक मिनिट, बाय."

तू एवढंच म्हणालास. मी काय विचार केला ठाऊक आहे? मला वाटलं तुला कुणी ओळखीचं दिसलं असेल. पनवेलमध्ये तुला दर दहा पावलांवर कुणी तरी भेटतं. मी ट्रायपॉडचा पाय घट्ट करत बसले. तू सावकाश माझ्यापर्यंत आलास, कपाळ पुसलंस, म्हणालास, "आज बस करू या का?"

"उजेड चाललाय दादा. एकदाच. शेवटचं."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग वळलास आणि चाललास. काय सुंदर चाललास. पाठ ताठ, हात सुटे, पावलं जशी सांगितली तशी. तो सेट माझा आजवरचा सगळ्यात चांगला निघाला. माझ्या प्रोग्रॅमने जोडल्यावर पाणी सोन्यासारखं, वाटेवरच्या फरशीची रेघ न् रेघ दिसतेय, आणि मध्ये तू स्वच्छ, एकटा, कडेला एकही सावली नाही. मीटिंगमध्ये दाखवला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तुला फोन करून सांगितलं. तू म्हणालास, "मग पार्टी." पार्टी राहिली.

त्यानंतर आपण भेटलो नाही असं नाही. आईच्या गुडघ्यासाठी भेटलो, गणपतीत भेटलो. मी एकदाही विचारलं नाही, त्या दिवशी काय झालं होतं. मी विसरलेच होते. हे सगळ्यात वाईट आहे दादा. लपवत असते तर निदान लक्षात असतं.

तू तुझ्या स्टुडिओतच गेलास. एका बाईंचा पासपोर्टचा फोटो काढत होतास. त्या बाई नंतर घरी आल्या होत्या, रडत होत्या. म्हणाल्या, "हनुवटी जरा वर, असं म्हणाले आणि खाली बसले." झेरॉक्सवाल्याने तुला रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी वहिनीला विचारलं, आधी छातीत दुखणं, दम लागणं, असं काही? वहिनी माझ्याकडे वळली. मी तिथेही गप्प होते. मला खरंच काही आठवलं नव्हतं, अशी शपथ मी घेऊ शकते. पण स्वयंपाकघरात तिने पुन्हा विचारलं, तोवर आठवलेलं होतं.

ऑफिसात परत गेले त्या सकाळी माझ्या शेजारचा अमेय काम करत बसला होता. तो नवीन आहे, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मोठ्या स्क्रीनवर तू तळ्याकाठून चालत होतास. जायचास, संपायचास, पुन्हा पहिल्यापासून. अमेय म्हणाला, "निशा, अंकलना एकदा परत बोलवशील? दिवाळीच्या लायटिंगमध्ये त्यांचा एक सेट हवा. काय मस्त चालतात ते, कुणी सांगितलं तरी असं जमत नाही."

मी म्हणाले, "ते वारले, अमेय. माझे भाऊ होते."

त्याने घाईघाईने खिडकी बंद केली. त्या घाईत बाद केलेल्या सेटचा फोल्डर उघडला गेला. तो बिचारा "सॉरी, सॉरी" म्हणत उठून गेला. मी त्याच्या खुर्चीत बसले आणि तू थांबलास ते तीन फोटो उघडले.

पहिल्यात तू नुसता काळा आकार. मागे पाणी. दुसऱ्यात कळतं की हात कठड्यावर आहे. तिसऱ्यात, भरपूर उजेडाच्या, पाणी पांढरं फटक होऊन गेलंय, पण तुझा चेहरा स्पष्ट दिसतो. दात आवळलेले. डोळे मिटलेले. दुसरा हात शर्टाच्या बटणांवर घट्ट. हा फोटो मी त्या संध्याकाळी पाहिला होता, दादा. मोठा करूनही पाहिला होता. पण मी तुझ्या कडा बघत होते. खांद्याची कड, हाताची कड, डोक्याची कड, कुठे दुहेरी रेघ आलीय का. मधला चेहरा मी बघितलाच नाही. माझं कामच तसं आहे असं म्हणून सुटता येईल का? मी म्हणून पाहिलं. नाही सुटता येत.

दुपारीच निघाले आणि लाइन आळीत आले. वहिनी स्टुडिओत होती. तिने शटर अर्धं वर केलं होतं आणि अल्बम पुसत होती. लोकांचे फोन येत होते, तू ठेवलेली कामं कधी मिळणार म्हणून. तू कामं वेळेवर कधी दिली होतीस की आता मिळतील. मी स्टुलावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. दम लागतो म्हणाला होता ते. पोट कमी कर म्हटलं ते. थांबला ते. एकदाच, शेवटचं, ते.

तिचा हात अल्बमवर तसाच राहिला.

"मंग मी विचारलं तवा नाय का म्हणालीस?"

"घाबरले."

"कुणाला? मला?"

ती म्हणाली, "दाखव ते फोटो."

मी मोबाइलवर तिन्ही दाखवले. तिसरा फोटो तिने स्वतःच बोटांनी मोठा केला, एकदम तुझ्या चेहऱ्यापर्यंत. खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दुखतंय त्याला. तुला दिसलं नाय?"

"नाही वहिनी."

"एवढं शिकलीस आणि भावाचं तोंड दिसलं नाय तुला?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिने पदर तोंडाला लावला आणि जे बोलली ते तुला ठाऊक असणार. त्याच सुमारास एका रात्री तू छाती चोळत उठलास. तिने ओवा दिला, गरम पाणी दिलं. मच्छी बाधली असेल म्हणाली, कुशीवर झोप म्हणाली. तू झोपलास. सकाळी तिने विचारलं तर "उतरलं" म्हणालास. तिने तेही कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना पण नाही.

मला वाटलं आता ती मला जवळ घेईल. आपण दोघी एकाच नावेत, असं काही तरी. तिने मोबाइल माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आता जा तू. आज माझ्यासमोर नको बसू. उद्या ये."

मी गेले. दुसऱ्या दिवशी आले. तिने माझ्यापुढे एक हार्ड डिस्क ठेवली. "बेलपाड्याची हळद हाय. त्यांना अल्बम पाहिजे. निवड." आणि स्वतः काउंटरवर हिशेबाच्या चिठ्ठ्या लावत बसली. तेव्हापासून शनिवार-रविवार मी तिथेच असते. ती मला चहा देते. माझ्याशी कामापुरतं बोलते. परवा एका फोटोवर बोट ठेवून तिने "हा नको, हिचे डोळे मिटलेत," म्हटलं, आणि मग पुढचा फोटो तिने स्वतःच घाईने सरकवला. पूर्वीसारखं होईल का, मला माहीत नाही. मी विचारत नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही. वहिनी म्हणते, नको. यावर मी तिचं ऐकते आहे, कारण ते सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच मला ते बरोबर वाटत नाही.

तो टाळ्यांचा सेट ऑफिसातून काढून टाकावा, असं मी साहेबांना सांगायला गेले होते. केबिनच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. तो काढला तर माझ्यासाठी तू जी फेरी चाललास तीही गेली. ठेवला तर रोज कुणी तरी तुला चालवणार. काय करावं हे तुलाच विचारायला हवं होतं. तू म्हणाला असतास, "असू दे गो, त्यांचं काम होतंय ना?" तुझं हे म्हणणं मला इतकं स्पष्ट ऐकू येतं, की त्याचा राग येतो. तू कधी तरी नाही म्हणायला हवं होतंस.

मी स्वतःला पुष्कळदा विचारलं की उजेड चाललाय असं मी म्हटलं तेव्हा तू "नाय जमत, बाय, छातीत दुखतंय," असं सरळ सांगितलं असतंस तर? तर मी कॅमेरा टाकून धावले असते. यावर माझा विश्वास आहे. पण तू नुसतंच "आज नको" म्हणाला असतास तर? तर मी रुसले असते, दादा. ट्रायपॉड आदळत मिटला असता, रिक्षात एक शब्द बोलले नसते. तुला ते माहीत होतं. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि माझा रुसवा आणि तुझी छाती यांत तुला माझा रुसवा जड वाटला.